संत्र्याची साल आणि काकूंचा खोकला

आमच्या काकूंना तीन आठवड्यांपासून कोरडा खोकला आहे. दवाखान्यात चला म्हटलं तर त्यांनी मोबाईलच पुढे केला. मेसेज असा: चीनमध्ये संत्र्याच्या वाळलेल्या सालीनं कसलाही खोकला जातो, दमा आणि क्षयसुद्धा, साल उकळून प्या, तान्ह्या बाळांना मधातून चाटवा, डॉक्टरची गरज नाही. आठ दिवस त्या तेच पाणी पितायत. म्हणून हे लिहितेय.

चीनमध्ये ही साल औषधात वापरतात, हे खरं. तिला 'छनफी' म्हणतात, म्हणजे जुनी साल. ग्वांगडोंग प्रांतातल्या शिनह्वेईची छनफी नावाजलेली; ती किमान तीन वर्षं मुरवतात. आपलं नागपुरी संत्रं तिच्याच जातकुळीतलं, तेही मान्य. पण गच्चीवर दोन दिवस वाळवलेली साल म्हणजे छनफी नव्हे.

'कसलाही खोकला' हे तर चिनी वैद्यही म्हणत नाहीत. चीनच्या सरकारी औषधसंहितेत छनफी आहे ती पोटफुगी, मंद भूक, उलटी-जुलाब आणि भरपूर कफ पडणारा खोकला यांसाठी, 3 ते 10 ग्रॅम. ती कोरडेपणा आणते असं ते मानतात, म्हणून कोरड्या खोकल्यात जपून द्यायला सांगतात. काकूंचा खोकला कोरडाच आहे! शिवाय कफाच्या प्रसिद्ध 'अरछन थांग' काढ्यात ती एकटी नसते, ज्येष्ठमधासारखी इतर औषधं सोबत असतात.

क्षयाबद्दल वाचून मात्र माझा संताप झाला. क्षय जंतूंमुळे होतो आणि साध्या क्षयालाही साधारण सहा महिने रोज गोळ्या घ्याव्या लागतात. दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर थुंकी तपासा, असं आपला क्षयरोग कार्यक्रम कधीपासून सांगतोय. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. सालीचं गरम पाणी प्यायल्यावर घसा ओला होतो, बरं वाटतं, आणि तिथंच माणूस फसतो. बरं वाटतंय म्हणून तपासणी पुढे ढकलायची, आणि खरंच क्षय असेल तर तोवर जंतू खोकल्यातून घरभर. काकूंच्या खोलीत त्यांची चार वर्षांची नात झोपते.

दम्याचं थोडक्यात: पंप बंद करू नका.

आणि मध! एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही, चाटणातूनही नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम होऊ शकतो, बाळाचे स्नायू लुळे पडतात, श्वास अडकतो.

उद्या सकाळी काकूंना थुंकी तपासायला नेतेय. तो मेसेज ज्यांनी पुढे पाठवला, त्यांनी आज निदान मधाची ओळ चुकीची आहे एवढं तरी आपापल्या ग्रुपवर लिहावं.