वकीलसाहेबांनी किती जणांना शिक्षा लावली, हा माझा प्रश्नच नाही

आमच्या तालुक्यात सध्या एकच विषय आहे. सरकारी वकिलाची नोकरी सोडून आलेले वकीलसाहेब आमदारकीला उभे राहणार का? नाव लिहीत नाही, इकडच्या लोकांना ते माहीतच आहे आणि बाहेरच्यांना त्याचा उपयोग नाही. मूळचे गिरणा नदीकाठचे, आमच्यातलेच. सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत नोकरी झाली, त्यातली काही वर्षं आमच्याच कोर्टात.

व्हॉट्सअ‍ॅपवर रोज त्यांचा फोटो फिरतोय. काळा कोट, मागे कोर्टाची इमारत, खाली मजकूर, ‘गुन्हेगारांचा कर्दनकाळ’. अमुक इतक्यांना तुरुंगवास, तमुक इतक्यांना सक्तमजुरी. परवा चहाच्या टपरीवर एक जण छातीठोकपणे म्हणाला, “ज्यानं एवढ्यांना आत टाकलं तो तालुका सरळ करीन.” तेव्हाच ठरवलं की लिहायचं. मी या माणसाला जवळून पाहिलंय, आणि जे पाहिलं ते त्या पोस्टरवर कुठेच नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळा सुटल्यावर मी मोटारसायकलवर घरी निघालो होतो. पोलीस ठाण्यासमोर ओळखीच्या हवालदारानं हात केला. “सर, दोन मिनिटं. पंच म्हणून एक सही लागते.” आवारात वाळूनं भरलेला ट्रॅक्टर उभा होता, ट्रॉलीतून पाणी गळत होतं. कागद तयार होता. मी सही केली. मास्तर माणूस, पोलिसांना नाही कसं म्हणणार? पंचनाम्यात काय लिहिलंय ते वाचलंसुद्धा नाही.

दोन वर्षांनी समन्स आलं. कोर्टाच्या व्हरांड्यात वकीलसाहेबांनी मला बाजूला घेतलं, पंचनामा हातात दिला आणि म्हणाले, “आधी वाचा.” वाचला. लिहिलं होतं की पहाटे नदीपात्रात, पंचांच्या समक्ष, ट्रॅक्टर जप्त केला. त्यांनी विचारलं, “सर, तुम्ही नदीत गेला होतात?” मी मान खाली घातली. “नाही साहेब.” शेजारी पैरवीवाला, म्हणजे ठाण्याचं कोर्टातलं काम बघणारा पोलीस उभा होता, तो लगेच म्हणाला, “साहेब, मी समजावतो सरांना.” वकीलसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाले, “मग गेलो होतो असं म्हणायचं नाही. जे झालं तेच सांगायचं.”

मी पिंजऱ्यात उभा राहिलो आणि सांगितलं. सही माझी आहे, जागा मी पाहिलेली नाही. त्यांनी मला फितूर ठरवून धारेवर धरलं नाही. आरोपी सुटला. तो वाळू उपसत होता हे अख्ख्या गावाला माहीत होतं, मलाही. त्या रात्री मला झोप आली नाही. चोर माझ्या सहीमुळे सुटला, आणि तेही मी खरं बोललो म्हणून. वकीलसाहेबांचाही राग आला होता, खोटं का सांगू?

पण बाहेर पडताना त्यांनी तपासी अंमलदाराला माझ्यादेखत सुनावलेलं एक वाक्य कानात राहिलं होतं. “पुढच्या वेळी पंचांना नदीत न्या, मग माझ्याकडून शिक्षा मागा.” वर्षभरानं रात्री दोन वाजता माझ्या दारावर थाप पडली. “सर, चला, नदीत.” गेलो. घोट्याएवढ्या पाण्यातून, बॅटरीच्या उजेडात. ट्रॅक्टरचा नंबर मी स्वतः वाचला, ट्रॉलीतली वाळू पाहिली, पंचनामा बोनेटवर कागद ठेवून तिथेच लिहिला गेला. त्या केसमध्ये आरोपीच्या वकिलानं उलटतपासात मला पाऊण तास पिळलं. मला काही पाठ करावं लागलं नव्हतं, कारण मी तिथे उभा होतो. शिक्षा झाली.

आता सांगा, या दोन केसेसपैकी पोस्टरवर कुठली येणार? दुसरी. आणि माझ्या लेखी त्यांची लायकी ठरते ती पहिलीत, हरलेल्या केसमध्ये. सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्येच सांगून ठेवलंय की खरं-खोटं बाजूला ठेवून काहीही करून शिक्षा लावायचीच, अशी तहान सरकारी वकिलाला असता कामा नये. तो पोलिसांचा वकील नाही, न्यायालयाला मदत करणारा आहे. निर्दोष माणूस आत जाणार नाही हे बघणं त्याच्याच कामात येतं. मग ‘कर्दनकाळ’ ही स्तुती कशी होते?

दुसरी गोष्ट माझ्या मावशीची. पोराच्या अपघाताच्या केसमध्ये ती साक्षीदार. आयुष्यात कधी कोर्टाची पायरी चढलेली नव्हती. लुगड्याचा पदर तोंडाला लावून व्हरांड्यात खाली बसली होती. आधीच्या तीन तारखांना दुसरे सरकारी वकील होते. त्यांनी तिच्याशी एक शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. पुकारा व्हायचा, पुढची तारीख पडायची, ही एसटीनं परत. वकीलसाहेब बदलून आले त्या तारखेला ते स्वतः तिच्यासमोर उकिडवे बसले. मावशी म्हणाली, “भाऊ, माले काय इचारतीन तठे?” ते अहिराणीतच बोलले, “जे देखं तेच सांग, माय. नही आठवनं त नही आठवनं म्हन.” आणि शिपायाला सांगून तिला खुर्ची दिली. तिचा साक्षीदार भत्ताही त्याच दिवशी मिळवून दिला. रक्कम एसटीच्या तिकिटापेक्षा फार मोठी नव्हती, पण मावशी ती अजून सांगते.

वकिलांनी राजकारणात जाणं खान्देशाला नवीन नाही. प्रतिभाताई पाटील जळगावच्या कोर्टात वकिली करत होत्या, १९६२ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी आमदार झाल्या आणि २००७ मध्ये राष्ट्रपती. सरकारी वकील म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव येतं ते उज्ज्वल निकमांचं. जळगावचाच माणूस, सुरुवातीची वकिली इथलीच. १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा खटला, २६/११ चा खटला, २०१६ मध्ये पद्मश्री. २०२४ मध्ये उत्तर मध्य मुंबईतून लोकसभेला उभे राहिले, १६,५१४ मतांनी हरले, २०२५ मध्ये राष्ट्रपतिनियुक्त म्हणून राज्यसभेत गेले. त्यांच्या कोर्टातल्या कामाबद्दल मला आदर आहे. पण दोन गोष्टी मला खटकल्या आणि त्या बोलल्या पाहिजेत. कसाबनं बिर्याणी मागितली होती हे खरं नव्हतं, त्याच्याबद्दल तयार होणारी सहानुभूती मोडण्यासाठी आपण ते बोललो, असं त्यांनी २०१५ मध्ये स्वतःच सांगितलं. आणि २०२४ मध्ये पक्षाच्या चिन्हावर लढून हरल्यावर थोड्याच दिवसांत सरकारनं त्यांना पुन्हा विशेष सरकारी वकील नेमलं. आज प्रचाराच्या व्यासपीठावर आणि उद्या सरकारच्या बाजूनं कोर्टात, यात समोरच्या आरोपीला काय वाटत असेल? आणि फिर्यादीलाही?

आमच्या वकीलसाहेबांनी राजीनामा देऊन मगच हालचाल सुरू केली, हे मला आवडलं. सरकारी नोकरीत राहून निवडणूक लढवता येतच नाही, पण नोकरीत असतानाच गुपचूप मेळावे घेणारेही असतात.

आता पात्रतेचं बोलू. जिल्ह्याचा सरकारी वकील व्हायला किमान ७ वर्षांची वकिली लागते, विशेष सरकारी वकिलाला १०. आमदार व्हायला वय २५ पूर्ण, भारताचं नागरिकत्व आणि मतदार यादीत नाव. शिक्षणाची अट नाही, आणि नसावीच असं माझं मत आहे. म्हणून ‘एलएलबी झालाय, कायदा जाणतो’ एवढ्यावर मत मागू नये. कायदा जाणणारे पुष्कळ झाले. २०१९ मध्ये जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेतल्या घोटाळ्यात धुळ्याच्या विशेष न्यायालयानं ४८ जणांना दोषी धरलं (पुढे अपिलं झाली), त्यात आपणच निवडून दिलेले किती होते ते जळगावकरांना सांगायला नको.

मला जो खरा प्रश्न विचारायचाय तो खटले मागे घेण्याचा आहे. याच्यावर कुणी बोलत नाही. आंदोलनाच्या नावाखाली दाखल झालेले गुन्हे मागे घ्यायचे असं सरकार ठरवतं, पण कोर्टात अर्ज करायचा तो सरकारी वकिलानं, स्वतःचं डोकं वापरून, आणि कोर्टाची परवानगी लागते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२१, आता नवीन नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३६०. नव्या कायद्यानं पीडिताचं ऐकून घेणंही बंधनकारक केलंय. आमदार-खासदारांवरचा खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये बजावलं. म्हणजे दबाव कुठून येतो हे न्यायालयालाही दिसलेलंच आहे. तर वकीलसाहेब, तुमच्यापुढे असे कागद किती आले? कुठल्या पक्षाच्या माणसांचे? कुठे सही केली आणि कुठे नाही म्हणालात? आज जे तुम्हाला तिकीट देऊ करतायत, त्यांची एखादी फाईल त्यात होती का?

उमेदवारी अर्जाबरोबरच्या शपथपत्रात तुमची संपत्ती कळेल, तुमच्यावर गुन्हे असतील तर तेही कळतील. तुम्ही चालवलेल्या केसेसचं काय केलंत ते त्यात कुठेच येत नाही. म्हणून तोंडी विचारावं लागतंय.

आणखी एक काळजी आहे. आयुष्य कोर्टात गेलेल्या माणसाला ‘हो की नाही, एवढंच सांगा’ ही सवय असते. पीकविम्यासाठी आलेला शेतकरी हो-नाहीत बोलत नाही. तो केळीपासून सुरू करतो, मुलीच्या लग्नावर जातो, मग बँकेवर येतो. शेतीसाठी गिरणेच्या पाण्याचं आवर्तन कधी सुटणार, कापसाला भाव काय, यावर वकीलसाहेबांना काय कळतं हे मला अजून दिसलेलं नाही. मावशीसमोर उकिडवं बसणारा माणूस शिकेल असं वाटतं. पण वाटतं म्हणून मत देणार नाही.

काल त्यांना फोन केला आणि हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “सर, रविवारी संध्याकाळी गावात येतो, पारावर बसू. सगळ्यांसमोर विचारा.” माझे प्रश्न वहीत लिहून तयार आहेत. कुणाला काही विचारायचं असेल तर खाली कॉमेंटमध्ये लिहा, मी त्यात जोडतो. पण कोणाच्या समाजाचे ते, हे कृपा करून लिहू नका.