काजू नसलेल्या जिल्ह्याचा निर्यात आराखडा

तुमची बदली एखाद्या शेतीप्रधान जिल्ह्यात झाली आहे आणि टेबलावर 'जिल्ह्याची निर्यात वाढवा, आराखडा तातडीने सादर करा' असं पत्र येऊन पडलं आहे? अजिबात घाबरू नका. गेल्या गुरुवारी असाच एक आराखडा समजून घ्यायला मी साडेतीन तास बसून आलो आहे. आता मी त्यातला तज्ज्ञ आहे, आणि सल्ला फुकट देतो. जिल्हा कुठला ते सांगत नाही. कांदा आहे, डाळिंब आहे, थोडी द्राक्षं आहेत, पाऊस पडला तर बाजरी. बसा ओळखत.

सुरुवात शेतकऱ्यांना विश्वासात घेण्यापासून करायची. त्यासाठी आदल्या रात्री नवाच्या पुढे फोन करायचा. "उद्या दहाला नियोजन भवनात या. येताना पाच-सहा शेतकरी घेऊन या, खुर्च्या मोकळ्या दिसायला नकोत." आमच्याकडे त्या आठवड्यात लाइट रात्रीची होती, म्हणजे पहाटे चारपर्यंत कांद्यात पाणी आणि दहाला नियोजन भवन. आम्ही दहाला पोहोचलो. माइकवाला साडेदहाला आला, पाहुणे सव्वाअकराला. मग समईची वात पेटेना, कारण वर पंखा चालू होता, आणि पंख्याचं बटण कुठलं ते सभागृहात कुणालाच माहीत नव्हतं. तीन बटणं दाबल्यावर पडदा बंद पडला. निर्यातीला अजून सुरुवात व्हायची होती.

आराखडा कोऱ्या कागदावर लिहीत बसू नका, वेळ जातो. दुसऱ्या जिल्ह्याचा घ्या आणि नाव बदला. सगळीकडे बदललंच पाहिजे असंही नाही. आमच्या पडद्यावर पहिल्या पानावर लाल किल्ला होता. १५ ऑगस्ट २०१९ च्या भाषणात प्रत्येक जिल्हा निर्यातीचं केंद्र व्हावा असं सांगितलं गेलं, तिथून सुरुवात. ठीक. दुसऱ्या पानावर समिती. तिसऱ्या पानावर आमच्या जिल्ह्यातली निर्यातक्षम उत्पादनं : कांदा, डाळिंब, काजू आणि काजूबोंडापासूनचे पदार्थ. आमच्याकडे काजू दिवाळीत येतो, डब्यातून. शेजारी बसलेले आप्पा माझ्या कानाशी म्हणाले, "बांधावर लावायचा असंल." पुढच्या पानावर 'सागरी किनारपट्टीच्या सान्निध्याचा लाभ' आला तेव्हा आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले.

समितीत सगळे घ्या. अध्यक्ष जिल्हाधिकारी असतातच. उद्योग केंद्र, अग्रणी बँक, नाबार्ड, कृषी, पणन, सगळ्यांच्या नावाच्या पाट्या टेबलावर लावा. ज्याने आयुष्यात एक तरी गोणी परदेशी पाठवली आहे असा माणूस मात्र घेऊ नका. तो प्रश्न विचारतो.

प्रशिक्षण भरपूर द्या. शेतकऱ्याला आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यातीला लागणारा नंबर, काढायला शिकवा. पाचशे रुपये आणि पॅन कार्ड असलं की तो घरबसल्या निघतो, आणि तेवढाच एक निर्यातदार वाढला असं अहवालात लिहिता येतं. आमच्या गावात डझनभर आयईसी आहेत. एकाने लॅमिनेशन करून देवघराशेजारी लावला आहे. माल मात्र आठवडी बाजारातच जातो.

शीतगृहाचं उद्घाटन आधी करा, वीजजोडणीचं नंतर बघू.

प्रयोगशाळेचं नाव काढू नका. युरोपला पाठवायच्या द्राक्षात औषधांचे अंश किती चालतात ते पीपीएम, पीपीबीत, म्हणजे दहा लाखांत किती भाग, अब्जात किती भाग असं मोजतात, आणि २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशापायी महाराष्ट्राची द्राक्षं युरोपात अडकून कित्येक बागाईतदार कर्जात गेले. तो धडा घेऊन शेतकरी फवारणीच्या वह्या, बागांची नोंदणी, नमुन्यांची तपासणी आणखी कसून सांभाळू लागले. नमुना अजून आमच्याकडून पुण्यालाच जातो. आराखड्यात त्याऐवजी 'जनजागृती' लिहा. जनजागृतीला यंत्र लागत नाही.

आकडे कुठून आणायचे, ही खरी अडचण. माल परदेशी पाठवताना कस्टमकडे जे शिपिंग बिल भरतात, त्यावर माल कुठल्या जिल्ह्याचा, याचा रकाना असतो. आमच्या शेतकरी कंपनीचा कांदा एका निर्यातदारामार्फत गेला, तेव्हा त्या रकान्यात त्याच्या ऑफिसचा जिल्हा पडला होता. मी विचारलं तर म्हणाला, "दादा, काय फरक पडतो, कांदा तोच आहे ना." फरक इतकाच, की आम्ही पिकवलेला कांदा कागदावर मुंबईत उगवला. आणि मग पडद्यावर लाल अक्षरात येतं : 'जिल्ह्याची निर्यात अत्यल्प. शेतकऱ्यांमध्ये निर्यातविषयक जाणिवेचा अभाव.'

जाणिवेचा अभाव. हे वाक्य आराखड्यात हवंच हवं, ते विसरू नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. निर्यात वाढवायची असेल तर ती अधूनमधून बंद करा. घेणाऱ्याला सवय लागता कामा नये. तारखा पाठ नसतील तर लिहून घ्या, मला झोपेत विचारल्या तरी येतात. १९ ऑगस्ट २०२३, कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क. ऑक्टोबरच्या अखेरीला किमान निर्यातमूल्य, म्हणजे त्याखाली बाहेर विकायचाच नाही, टनाला ८०० डॉलर. ७ डिसेंबरला आदेश, ८ डिसेंबरपासून सरळ बंदी, ३१ मार्चपर्यंत. मार्चमध्ये आता उठणार म्हणून कांदाचाळीत माल धरला, तर ती 'पुढील आदेशापर्यंत' वाढली. एप्रिलच्या अखेरीला गुजरातच्या २ हजार टन पांढऱ्या कांद्याला वाट मोकळी झाली, इकडे बोंबाबोंब झाल्यावर सहा देशांना मिळून ९९,१५० टनांची घोषणा आली. ४ मे २०२४, ऐन लोकसभेच्या मतदानात, बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलरची अट आणि पुन्हा ४० टक्के शुल्क लावून. सप्टेंबरात, विधानसभा जवळ आल्यावर, अट गेली आणि शुल्क २० वर आलं. शून्य झालं १ एप्रिल २०२५ ला. त्याआधी २०१९ च्या सप्टेंबरात बंदी, २०२० च्या सप्टेंबरात बंदी. पंचांगात सर्वपित्री असते तशी.

७ डिसेंबर २०२३ ला संध्याकाळी आमच्या शेतकरी कंपनीचा पहिला कंटेनर निघाला. पहिला. एकशेऐंशी सभासद, त्यातल्या बावीस जणांचा माल. लाल कांदा, ५५ मिलिमीटरच्या वरचा. बाया चार दिवस शेडमध्ये बसून एकेक कांदा हातात फिरवत होत्या. जोड बाजूला, डेंगळा बाजूला, पत्ती सुटलेला बाजूला. गोल्टी, म्हणजे बारका कांदा, तर दारातच येऊ दिली नाही. जाळीच्या गोण्या, त्यावर आमचं नाव, खाली 'प्रॉडक्ट ऑफ इंडिया'. आप्पांनी कंटेनरच्या दाराला नारळ फोडला आणि ड्रायव्हरला शंभर रुपये वर दिले. २९ टन. दुबईला.

रात्री आदेश आला. आदेशात सवलत होती, नाही असं नाही : ज्या मालाची जहाजात भराई सुरू झाली आहे, जो आदेशाआधी कस्टमच्या ताब्यात गेला आहे, तो जाऊ शकेल. आमचा माल न्हावाशेवा बंदराच्या अलीकडे गाड्यांच्या रांगेत उभा होता. सकाळी ड्रायव्हरचा फोन, "शेठ, काय करू? मागं पण गाड्या लागल्यात, वळताही येईना." मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी शेठ म्हटलं ते त्या दिवशी. लाल कांदा उन्हाळीसारखा चाळीत सहा महिने दम धरत नाही. पाच दिवस इकडे फोन, तिकडे फोन, कुणी म्हणतं थांबा, खुलासा येणार आहे. सहाव्या दिवशी वाशीच्या मार्केटला दार उघडलं तेव्हा वास हमालांच्या आधी आम्हाला सांगून गेला. जे विकलं गेलं ते मिळेल त्या भावाने. भाडं, गोण्या, मजुरी अंगावर. गावी मार्केटचा भाव तोवर निम्म्याच्या खाली.

दुबईचा माणूस चांगला होता, भांडला नाही. पण रमजान तोंडावर आलेला, त्याला कांदा हवाच होता. फेब्रुवारीत त्याने मला त्याच्या गोदामाचा फोटो पाठवला. छतापर्यंत थप्पी. गोण्या पाकिस्तानच्या. खाली फक्त अंगठा, वर केलेला. आज दोन वर्षं झाली, मी त्याला ईदला शुभेच्छा पाठवतो, तोही पाठवतो. कांद्याचं तो काढत नाही आणि मीही काढत नाही.

शहरात भाव साठ-सत्तरवर गेला की ओरड होते, हे मला कळतं. माझी मुलगी पुण्यात खोली करून राहते, तीही पाव पाव किलोच घेते. तिला स्वस्त मिळावा असं मलाही वाटतं. पण मग सरकारने बाजारात उभं राहून माझ्याकडून भावाने घ्यावा आणि तिला स्वस्तात द्यावा. तिच्या भाजीचं अनुदान माझ्या शेडमधल्या बावीस घरांनी का द्यायचं?

हे सगळं मी गुरुवारी बोललो नाही. शेवटी दहा मिनिटं प्रश्नांना मिळाली, त्यातली सात आभारप्रदर्शनाने खाल्ली. मी एवढंच विचारलं, की साहेब, आराखड्यात पाच वर्षांत निर्यात दुप्पट करायची म्हटलं आहे, मध्येच बंदी आली तर काय करायचं, ते कुठल्या पानावर आहे? साहेब छान हसले. म्हणाले, "तो धोरणात्मक विषय आहे. या समितीच्या कार्यकक्षेत येत नाही. आपण आज सकारात्मक बोलू या." टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेतून.

दुप्पट हा शब्दही नवा नाही, साहेब. २०१८ च्या कृषी निर्यात धोरणात देशाची शेतमाल निर्यात २०२२ पर्यंत ६० अब्ज डॉलरच्या पुढे न्यायची होती. २०२२-२३ मध्ये ती ५३ अब्जांच्या आसपास पोहोचली आणि पुढच्या वर्षी ४८-४९ वर उतरली. मधल्या काळात गव्हावर बंदी, बिगरबासमती पांढऱ्या तांदळावर बंदी, साखरेवर बंधन, कांद्याचं वर सांगितलं. शेतकऱ्याच्या जाणिवेला काय झालं होतं हो त्या वर्षी?

बंदी तुमच्या हातात नाही, मान्य. मग जे हातात आहे ते केलंत का? ८ डिसेंबरला जिल्ह्यातल्या किती गाड्या वाटेत होत्या, किती टन माल शेडमध्ये भरून तयार होता, याची एक यादी करून वर पाठवायला कार्यकक्षा आड आली होती? एक पत्र. सही तुमचीच चालली असती. शिपिंग बिलात जिल्हा बरोबर भरला जातो की नाही, हे बघायला संसदेचा ठराव लागतो? आमच्या शेडपासून डांबरी रस्त्यापर्यंतचे अडीच किलोमीटर, ज्यावरून जाताना निवडलेला कांदा पुन्हा सोलला जातो, ते काय परराष्ट्र धोरणात येतात? दिवसा लाइट मागितली की महावितरणकडे बोट, प्रयोगशाळा मागितली की पुण्याकडे, बंदीचं विचारलं की दिल्लीकडे. मग तुम्ही तिथे बसता कशाला? समई लावायला? तीही आप्पांनीच पंखा बंद करून लावली.

आणि जाणिवेचा अभाव म्हणता! ज्या बाईने चार दिवस बसून २९ टनांतला एकेक कांदा निवडला, तिला विचारा ५५ मिलिमीटर म्हणजे केवढा. डोळे मिटून हातावर सांगेल. तुम्हाला तुमच्या जिल्ह्यात काजू नाही हे माहीत नाही.

ते मी बाहेर पडताना सांगितलंही होतं. टेबलावरच्या मॅडमनी वहीत टिपून घेतलं. परवा व्हॉट्सॲपवर आराखड्याची अंतिम प्रत आली, 'सर्व संबंधितांच्या सूचनांचा अंतर्भाव करून' असं वर लिहिलेली. मी आधी तिसरं पान उघडलं. काजू आहे. काजूबोंडही आहे. बाकी काही जमत नसेल तर निदान तेवढं तरी खोडा. त्याला तरी कुणाला विचारायला नको.