निकियाच्या सभेने येशूला देव ठरवले नाही

गेल्या आठवड्यात कल्याणला राहणाऱ्या माझ्या आत्याने व्हॉट्सॲपवर आलेला एक लांबलचक संदेश मला पाठवला आणि खाली लिहिले, ‘तू इतिहास वाचतोस, हे खरे आहे का ते सांग.’ आत्याने आयुष्यभर शाळेत शिकवले आहे आणि ऐकीव गोष्टीवर ती सहजासहजी विश्वास ठेवत नाही; पण संदेशात सन, गाव, राजाचे नाव असे सारे दिलेले असल्यामुळे तिलाही तो खरा वाटू लागला होता. तोच संदेश तिच्या सोसायटीच्या गटावरही फिरत होता, आणि त्या गटात तिच्या शेजारचे, मूळचे वसईचे ख्रिस्ती कुटुंबही आहे. त्यामुळे नुसते ‘खोटे आहे’ म्हणून सोडून देणे मला जमले नाही.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: इ.स. ३२५ पर्यंत येशूला कोणीही देव मानत नव्हते. रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइनने निकिया येथे बिशपांची सभा बोलावली आणि तेथे निसटत्या बहुमताने येशूला देव ठरवण्यात आले. त्याच सभेत ८० शुभवर्तमाने (येशूच्या जीवनाचे व शिकवणुकीचे ग्रंथ) जाळून चार निवडली गेली. मग हा नवा धर्म तलवारीच्या जोरावर साम्राज्यावर लादला गेला. रविवार आणि नाताळ सूर्यपूजकांकडून उचलले गेले. आणि भारतात हा धर्म पोर्तुगीजांच्या जहाजांतून आला.

यांतील पहिले विधान सर्वांत निराधार आहे आणि ते खोडून काढायला एक पत्र पुरेसे आहे. इ.स. ११२ च्या सुमारास बिथिनिया-पोंतस या प्रांताचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर भागाचा, कारभार पाहणारा रोमन अधिकारी प्लिनी याने सम्राट ट्राजनला लिहिलेले हे पत्र आहे. प्लिनी ख्रिस्ती नव्हता. ख्रिस्ती असल्याचा आरोप असलेल्यांना तो तीन-तीनदा विचारी आणि जे आपल्या म्हणण्यावर ठाम राहत त्यांना देहदंड देई, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. तेव्हा येशूची थोरवी वाढवून सांगण्यात त्याचा काही स्वार्थ असण्याचा प्रश्नच नाही. चौकशीत त्याला काय सापडले? ही माणसे ठरावीक दिवशी उजाडण्यापूर्वी एकत्र जमत, ख्रिस्ताला उद्देशून, देवाला उद्देशून म्हणावे तसे, आळीपाळीने स्तोत्र म्हणत, आणि चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, शब्द मोडणार नाही, कोणी विश्वासाने ठेवलेली ठेव मागितल्यावर नाकारणार नाही, अशी शपथ घेत. काही जणांनी तर आपण वीस वर्षांपूर्वीच हा पंथ सोडल्याचे सांगितले. म्हणजे पहिले शतक संपण्यापूर्वीच ही मंडळी तेथे होती.

निकिया हे शहर याच बिथिनियातले आहे. तेथील अर्धवट बांधलेले नाट्यगृह खचत चालले असून त्याला भेगा पडल्या आहेत, असेही प्लिनीने ट्राजनला कळवले होते. ज्या प्रांतात येशूला ‘पहिल्यांदा’ देव ठरवले गेले असे संदेश सांगतो, त्याच प्रांतात त्या सभेच्या दोनशे वर्षे आधी लोक त्याला देव मानून पहाटे स्तोत्रे म्हणत होते आणि त्यासाठी मरण पत्करत होते. इस्राएलमध्ये मगिद्दोच्या तुरुंगाच्या आवारात २००५ साली जी तिसऱ्या शतकातली नक्षीदार फरशी उघडकीस आली, तिच्यावरही अकेप्तूस नावाच्या स्त्रीने ‘देव येशू ख्रिस्त’ याला मेज अर्पण केल्याचा ग्रीक लेख आहे.

मग निकियात वाद होता तरी कशाचा? अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणत होता की पुत्र सर्व सृष्टीच्या आधीचा असला तरी पित्याने निर्माण केलेला आहे, पित्यासारखा अनादी नाही. आणि सभेने ठरवले की पिता व पुत्र एकाच तत्त्वाचे आहेत. येशू साधा माणूस होता, असे एरियसचेही म्हणणे नव्हते. ‘निसटते बहुमत’ म्हणावे, तर जमलेल्या अडीचशे-तीनशे बिशपांपैकी शेवटपर्यंत सही न करणारे केवळ दोन होते. हा धर्म कॉन्स्टन्टाइनने घडवला असता, तर पुढे एरियसला परत बोलावण्याचे आणि ३३७ मध्ये मृत्युशय्येवर एरियसच्याच बाजूच्या बिशपाकडून बाप्तिस्मा घेण्याचे त्याला काय कारण होते?

शुभवर्तमाने जाळल्याची गोष्ट वाचून मला खरोखर चीड आली. निकियाचे वीस नियम आजही उपलब्ध आहेत. धर्मगुरूंनी व्याज घेऊ नये, रविवारी प्रार्थना उभ्याने करावी, असे बारीकसारीक विषय त्यांत आहेत. कोणते ग्रंथ स्वीकारावेत याविषयी त्यांत एक अक्षर नाही. शुभवर्तमाने चारच, असे लिओनचा बिशप इरेनियस इ.स. १८० च्या सुमारासच ठासून लिहीत होता, आणि नव्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागाच्या, नेमक्या २७ पुस्तकांची यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेशियस याच्या ३६७ मधल्या पत्रात, म्हणजे निकियानंतर ४२ वर्षांनी आढळते. निकियात ग्रंथ निवडल्याची कथा नवव्या शतकाच्या अखेरच्या एका ग्रीक संकलनातून आली आणि अठराव्या शतकात फ्रेंच लेखक व्होल्टेअरमुळे ती सर्वत्र पोहोचली. कॉन्स्टन्टाइनने एरियसचे लेखन जाळण्याचा हुकूम काढला होता, एवढे मात्र खरे. पण धर्मग्रंथांच्या होळ्या पेटल्या त्या त्याच्याआधी, ३०३ मध्ये सम्राट डायोक्लेशियनच्या आज्ञेने, आणि जळाले ते ख्रिस्ती लोकांचेच ग्रंथ.

तलवारीच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाकारून चालणार नाही. ३८० मध्ये रोमन सम्राट थिओडोसियसने निकियाचा विश्वास हाच साम्राज्याचा धर्म ठरवला आणि त्यानंतर मंदिरे पाडली गेली, लोकांवर सक्तीही झाली. पण ३१३ च्या मिलानच्या निर्णयाने सर्वच धर्मांना मोकळीक मिळाली होती, आणि त्याआधीची जवळजवळ तीनशे वर्षे या धर्माच्या हाती तलवार नव्हती; ती त्याच्या मानेवर होती. तरी तो पसरला कसा, याचे उत्तर २५१ च्या सुमाराच्या एका पत्रात दिसते. रोमचा बिशप कॉर्नेलियस त्यात लिहितो की त्याची मंडळी पंधराशेहून अधिक विधवा व गरजू लोकांना पोसत आहे. प्लिनीने छळ करून ज्यांची चौकशी केली, त्या मंडळीच्या दोन सेविकाही गुलाम स्त्रिया होत्या. ज्यांना रोमन समाजात कोणी विचारत नव्हते त्यांना येथे अन्न आणि मान मिळत होता. निव्वळ राजाज्ञेचा परिणाम म्हणून हा प्रसार समजूच शकत नाही.

रविवार आणि नाताळाविषयी फार लिहीत नाही. ३२१ मध्ये ‘सूर्याचा वार’ म्हणून सुट्टीचा हुकूम कॉन्स्टन्टाइननेच काढला, हे खरे. पण ख्रिस्ती लोक त्या दिवशी दुसऱ्या शतकापासूनच जमत होते. २५ डिसेंबरचा उगम हा अभ्यासकांतही वादाचा विषय आहे, आणि तारीख कोठूनही आलेली असली तरी तेवढ्याने सारा धर्म उसना ठरत नाही.

राहिले पोर्तुगीज. त्यांनी गोव्यात सक्ती केली, १५६० मध्ये तेथे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारे धर्मन्यायालय, सुरू झाले, आणि ते दुःख खरे आहे. पण त्यांच्याबरोबर हा धर्म भारतात प्रथम आला, हे खोटे आहे. सहाव्या शतकाच्या मध्यावर कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने मिरी पिकते त्या मलबारात ख्रिस्ती लोक असल्याचे, आणि ‘कल्लियाना’ येथे इराणात दीक्षा घेतलेला बिशप असल्याचे लिहिले आहे. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. आत्याला मी हे सांगितले तेव्हा ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग ‘आमच्याच कल्याणला?’ एवढेच तिने विचारले. हो, तिच्याच कल्याणला, वास्को द गामाच्या साडेनऊशे वर्षे आधी. आणि ज्या इराणातून तो बिशप आला, तेथे झरथुष्ट्राला मानणाऱ्या सासानी राजांचे राज्य होते. रोमच्या सम्राटांची आज्ञा तेथे कधीच चालत नव्हती.