शुगरसाठी सदाफुली चावणं बंद करा

सदाफुली खायची वनस्पती नाही. पान नाही, फूल नाही, मूळ तर मुळीच नाही. लातूर-बीड-परभणीकडं ओट्यावर, तुळशीशेजारी, फुटक्या माठात ती बारमाही फुललेली असते. हाताशी आहे म्हणून सकाळी उपाशीपोटी चार पानं चावायची, किंवा फुलं उकळून पाणी प्यायचं. कडू आहे म्हणजे साखर उतरणारच, असा सगळा हिशेब.

तो कडूपणा अल्कलॉइडचा, म्हणजे वनस्पतीतल्या तीव्र परिणाम करणाऱ्या रसायनांचा आहे. मोकळी शेळी अंगणातलं बाकी सगळं ओरबाडते, पण मधोमध पांढरट शीर असलेलं हे चकचकीत पान शक्यतो सोडून देते.

शुगरच्या याच समजुतीवरून १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी पानांचा अर्क उंदरांना देऊन पाहिला. साखरेवर फरक दिसला नाही. अर्क टोचल्यावर मात्र पांढऱ्या पेशी घटल्या आणि उंदीर जंतुसंसर्गानं मेले. त्यातूनच विनब्लास्टिन आणि पुढं विनक्रिस्टिन ही कॅन्सरची औषधं आली. विनक्रिस्टिन आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर देतात, पण फक्त शिरेतून, मिलिग्रॅममध्ये मोजून आणि रक्त तपासत.

चावलेलं पान म्हणजे इंजेक्शन नव्हे, हे मान्य. ही दोन द्रव्यं पानात अगदी कमी असतात. पण त्यांच्या जोडीला इतर शंभरावर अल्कलॉइड आहेत, आणि कुठल्या झाडाच्या पानात काय किती उतरलंय हे चवीवरून कळत नाही. उकळून ती जात नाहीत, उलट पाण्यात उतरतात. वाळवून चूर्ण केलं तर एका चमच्यात कितीतरी पानं जातात, म्हणून चूर्णाची मला जास्त भीती वाटते.

विनक्रिस्टिनच्या गटातल्या औषधांनी हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, पोट गच्च होतं. शुगरवाल्याचे पाय बऱ्याचदा आधीच बधिर असतात. मग दोष शुगरला जातो आणि पानं चालूच राहतात!

महिनोन्‌महिने खाल्ली असतील तर आज थांबवा. शुगरच्या गोळ्या मात्र थांबवू नका. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजण्याची तपासणी) करून पांढऱ्या पेशी बघून घ्या. ताप, तोंडात फोड किंवा पाय जड वाटत असतील तर तपासणी लांबवू नका. गरोदर बाईनं तर या पाल्याच्या वाटेला जाऊच नये.

लेकरानं पान तोंडात घातलं तर उरलेलं काढा, चूळ भरायला लावा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. उलट्या, सुस्ती, चक्कर दिसली तर १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात जाताना फांदी सोबत न्या. पिवळी बिट्टी किंवा कण्हेर खाल्ली असेल तर लक्षणांची वाटच बघू नका, ती थेट हृदयावर जाते.

फुलाचीच भाजी हवी तर शेवग्याची फुलं आहेत. कांदा, हिरवी मिरची आणि थोडं बेसन लावून परता.