घोंगडीवाला मेंढपाळ

"तुम्ही ख्रिश्चन ना? मग घरात इंग्रजीच बोलत असाल!" कोल्हापुरात हे मला अजून ऐकावं लागतं. आज्जीला कुणी असं म्हटलं असतं तर तिनं आधी चहा पाजला असता आणि मग सोलून काढलं असतं.

मिशनरी रॉयल वाइल्डर इथं आले १८५२ साली. तेव्हापासून इथल्या ख्रिस्ती घरांत कुणाची बोली मुरली, ते आज्जीची प्रार्थना ऐकली की कळायचं. कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात ना, तशीच तीही देवाशी बोलायची. "बापा, आज लई चिडलो सुनेवर. पदरात घे." (सून म्हणजे माझी आई. ती शेजारीच बसलेली असायची.)

ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढं ख्रिस्ताला अभंगात, भजनात आणलं. त्यांची गीतं आज्जीला तोंडपाठ. पण तेवढ्यानं तिचं भागायचं नाही. हळद दळताना स्वतःच्या ओव्या रचायची:

पहिली माझी ओवी गं, बेथलेमच्या गोठ्याला
मरियेच्या तान्ह्या बाळा, गवताची शेज त्याला

आणि वाकळ! जुन्या लुगड्यांच्या, धोतरांच्या ठिगळांतून तिनं तेविसावं स्तोत्र शिवलं होतं. 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मला काही उणे पडणार नाही.' मेंढरं पांढऱ्या धोतराची, आणि मेंढपाळ तांबड्या फेट्याचा, खांद्यावर काळी घोंगडी. बाहेरगावच्या एका पाहुण्यानं नाक मुरडलं, प्रभू असा धनगरासारखा कसा? आज्जी टाका न थांबवता म्हणाली, "मेंढरं राखणारा माणूस घोंगडी घेणार न्हाई तर काय कोट घालील व्हय?"

तिची श्रद्धा 'दोन संस्कृतींचा संगम' वगैरे होती असं कुणी लिहिलं की मला राग येतो. तिच्या लेखी दोन काही नव्हतंच. नाताळाला दारात रांगोळीची चांदणी, डब्यात करंज्या आणि संध्याकाळी उपासना, यात तिला काही जुळवावं लागलं नाही.

तिच्या ओव्या मी वेळेत लिहून घेतल्या नाहीत. ही माझीच चूक. जेमतेम चार आठवतात.

गेल्या महिन्यात गल्लीतल्या एका लग्नाची हळद होती. जात्याला सुपारी बांधलेली, बायका दळायला बसलेल्या. पलीकडच्या घरातल्या काकूंनी खुंटा धरला, गणपतीची ओवी म्हटली, अंबाबाईची म्हटली, आणि तिसरीला सहज सुरू झाल्या, "बेथलेमच्या गोठ्याला..."

तिच्या पुढची, मी विसरलेली, पाचवी ओवी मला त्यांच्याकडून मिळाली.