सिक्युरिटीशिवाय दुसरं काही सुचतच नाही का?

माजी सैनिक दिसला की आपल्या लोकांना एकच नोकरी सुचते. सिक्युरिटी. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभं राहा, नाहीतर सोसायटीच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहीत बसा. वर आणखी कौतुकाने सांगणार, 'तुम्हाला शिस्तीची सवय आहेच की!'

अहो, माझा नवरा ईएमईमध्ये हवालदार होता. व्हेईकल मेकॅनिक. ईएमई म्हणजे लष्कराचं वर्कशॉप. लेहच्या हिवाळ्यात जिथे डिझेल गोठतं आणि बॅटरी मान टाकते, तिथे पहाटे ट्रक चालू करून देणारा माणूस तो. गावी आल्यावर एका गॅरेजच्या मालकाने विचारलं काय, तर 'आयटीआय केलंय का?' लष्करातला कुठला ट्रेड बाहेरच्या कुठल्या ट्रेडच्या तोडीचा, हे सरकारनेच ठरवून दिलंय. ह्यांनी डिस्चार्ज बुक, म्हणजे लष्करातल्या नोकरीची नोंद असलेलं पुस्तक, पुढे केलं, तर त्याने उघडूनही पाहिलं नाही. म्हणाला, 'रात्रपाळीचा वॉचमन हवाय, बघा.'

गेटवर उभं राहण्यात कमीपणा आहे असं मी म्हणत नाही. आमच्या ओळखीतले कितीतरी जण ते इमानदारीने करतात. पण सगळ्यांनी तेच करायचं? रेडिओ ऑपरेटरनेही, नर्सिंग असिस्टंटनेही, शेकडो माणसांच्या रेशनचा हिशेब ठेवणाऱ्या स्टोअरकीपरनेही? माजी सैनिकांसाठी राज्याचं मेस्को नावाचं महामंडळ आहे. त्याची मोठी ओळख काय, तर सुरक्षारक्षक पुरवणं!

आणि ते ठरलेलं वाक्य. 'पेन्शन मिळतं ना, मग कशाला धडपड?' 2022 मध्ये अग्निपथ योजना येण्याआधी भरती झालेल्या शिपायाला किमान 15 वर्षं नोकरी झाली की पेन्शन लागू होतं. एकोणीस-वीस वर्षांचा भरती झालेला पोरगा चाळिशीच्या आसपास घरी येतो. तेव्हा पोरं शाळेत, आईबाप थकलेले, घर अजून बांधायचंय. मग निम्म्यापर्यंत पेन्शन विकून रक्कम उचलायची आणि तेवढा भाग पुढची 15 वर्षं कापून घ्यायचा. चाळिशीतल्या कुठल्या बँकवाल्याला कुणी 'आता बसा घरी आरामात' म्हणतं का?

आता माझं ऐका. मी बीएड. बठिंडा, जोधपूर, तेजपूर, जिथे फॅमिली क्वार्टर मिळालं तिथे शिकवलं. मूव्हमेंट ऑर्डर आली की वर्ष अर्धं सोडून काळ्या ट्रंका भरायच्या. ह्यांना फील्ड पोस्टिंग, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशी नेमणूक, लागलं की मुलांना घेऊन एकटीनं राहायचं, तेव्हा नोकरी बंद. परवा एका शाळेतल्या बाई माझा बायोडाटा वाचून म्हणाल्या, 'मॅडम, तुम्ही एका जागी टिकत नाही असं दिसतंय.' टिकत नाही! सरकार आम्हाला भारतभर फिरवतं आणि ठपका माझ्यावर. त्यातून मधल्या वर्षांचं 'काय करत होतात?' हे आहेच. काय सांगू? नवरा सहा महिने घरी नसताना पोराचा टायफॉइड, सासूबाईंचं ऑपरेशन आणि गॅसचं बुकिंग, सगळं सांभाळत होते. याचा अनुभवाचा दाखला कोण देतं?

कागदांचं तर विचारूच नका. ह्यांच्या रेकॉर्डला माझ्या नावाचं स्पेलिंग एक, आधारला दुसरं. एका अक्षराचा फरक. उद्या ह्यांचं काही बरंवाईट झालं तर फॅमिली पेन्शन त्याच अक्षरावर अडणार, म्हणून आताच दुरुस्ती करून घ्यायला धावतेय. प्रतिज्ञापत्र करा, रेकॉर्ड ऑफिसला पाठवा, मग लष्करी पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर जाऊन बघा. तिथे लॉगिन हवं, ओटीपी हवा, आणि ओटीपी येतो बंद पडलेल्या जुन्या नंबरवर. हे सगळं नोकरीत असतानाच युनिटमध्ये बसून तपासून द्यायला काय हरकत होती?

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे गाव तर नावातच 'मिलिटरी' लावतं. अशा जिल्ह्यात तरी मालक लोकांना डिस्चार्ज बुक वाचता यायला हवं.

आमच्या सोसायटीचं बघा. चेअरमनसाहेबांनी ह्यांना पहिल्याच आठवड्यात गेटची नोकरी देऊ केली होती. गेल्या महिन्यात जनरेटर बंद पडला, लिफ्ट अडकली, तेव्हा रात्री साडेदहाला दार वाजवलं कुणाचं? आमचं. ह्यांनी तासाभरात चालू करून दिला. 'थँक यू, फौजीसाहेब' म्हणून सगळे झोपायला गेले. सकाळी मी बिल करून पाठवलं, मजुरी आणि रात्रीचा वेगळा दर लावून. चेअरमन नाराज आहेत म्हणे. असू देत. बिल मागे घेणार नाही.