तांब्याच्या तारा काढण्याआधी नोंदी जुळवा

जुने तांब्याचे टेलिफोन जाळे मोडीत काढायचे, हे आता जगभर ठरल्यासारखेच आहे. अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने कॅलिफोर्निया वगळता आपल्या बहुतेक कार्यक्षेत्रातील तांबे 2029 अखेरपर्यंत बंद करण्याचे जाहीर केले आहे, फ्रान्समध्ये ऑरेंज या टेलिफोन कंपनीने 2030 हे वर्ष धरले आहे आणि ब्रिटनमधील जुनी टेलिफोन सेवा जानेवारी 2027 मध्ये थांबायची आहे. कोणते एक्सचेंज आधी बंद करायचे, कोणते मागे ठेवायचे आणि कोणत्या केबलमधून किती तांबे निघेल, हे ठरवण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली जाणार हे उघड आहे. त्याला माझा विरोध नाही. माझे म्हणणे एवढेच की, मराठवाड्यात ही यंत्रणा आधी नोंदी जुळवण्याच्या कामाला लावावी आणि ‘कोणाची लाइन आधी तोडायची’ हा प्रश्न तिला सगळ्यात शेवटी विचारावा.

तांबे जायला हवे, याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. एक्सचेंजपासून तीन-चार किलोमीटर दूर असलेल्या घरी त्या बारीक जोडतारेवरून इंटरनेट रडतखडतच पोचते. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरले की फोनवर खरखर सुरू होते. आपल्या भागात मृगाच्या तोंडावर विजा पडतात, तेव्हा खांबावरून आलेली तांब्याची तार तो झटका थेट घरातल्या उपकरणापर्यंत आणते. तांब्याच्या जागी येणाऱ्या फायबरमधली काच वीज वाहून नेत नाही. त्यात रस्ता रुंदीकरणाचे जेसीबी आणि रात्री केबल कापून नेणारे चोर यांची भर. 2006 च्या सुमारास देशात पाच कोटींच्या आसपास लँडलाइन होत्या. पुढे ग्राहक मोबाइलकडे वळले, तरी एक्सचेंजची बॅटरी, एसी आणि जनरेटर यांचा खर्च ग्राहकांच्या प्रमाणात उतरत नाही. हे गणित फार काळ चालणारे नव्हतेच.

खरी अडचण नोंदींची आहे. एक्सचेंजमधील एमडीएफपासून, म्हणजे सगळ्या लाइन जिथे एकत्र येतात त्या मुख्य चौकटीपासून, मोठी केबल निघते, ती पिलरमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या जोडणीपेटीत येते, तिथून डीपीवर, म्हणजे घरांजवळच्या टेलिफोनच्या छोट्या डब्यावर, आणि डीपीवरून तुमच्या घरात. या प्रत्येक टप्प्यावर तारांची कोणती जोडी कोणत्या जोडीला जोडली आहे, हे कुठेतरी लिहिलेले असायला हवे. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असताना मुलांना घेऊन एका तालुक्याच्या एक्सचेंजमध्ये जाण्याचा योग येत असे. तिथल्या रजिस्टरमध्ये मूळ नोंद निळ्या शाईत होती, तिच्यावर लाल शाईची दुरुस्ती आणि त्यावर पेन्सिलीने ‘37 खराब, 52 वर घेतले’ असा शेरा. ग्राहकाच्या पत्त्याच्या जागी ‘आडतीमागे, लिंबाजवळ’ एवढेच. बाहेर डीपीचा डबा उघडला तर निम्म्या जागा कुंभारमाशीच्या घरट्यांनी बुजलेल्या, क्रमांकाची पट्टी उन्हाने पांढरी पडलेली आणि दोन तारा स्क्रूला न लावता परस्परच पिळून वर काळी टेप गुंडाळलेली. ती पिळलेली जोडी 52 होती की आणखी कोणती, हे तिथल्या लाइनमनलाच ठाऊक होते. कागदावर ते कुठेच नव्हते.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग नेमका इथे आहे. जुनी रजिस्टरे स्कॅन करून ते गिचमिड अक्षर वाचायचे, ते बिलाच्या यादीशी ताडून पाहायचे आणि एक्सचेंजमधून रात्री केलेल्या लाइन टेस्टशी त्याचा मेळ घालायचा, हे काम माणसांनी करायचे ठरवले तर वर्षानुवर्षे चालेल. तारेची धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मोजली तर ती साधारण किती अंतरावर तुटली आहे, याचा अंदाज येतो. तारेच्या टोकाला अजून टेलिफोन लावलेला आहे की नाही, हेही चाचणीतून बरेचसे कळते. बिलाच्या यादीत जी जोडी बंद दाखवली आहे तिच्या टोकाला प्रत्यक्षात उपकरण सापडत असेल, तर अशा जोड्यांची यादी यंत्राने काढून द्यावी. या यादीत केवळ घरचे फोन निघणार नाहीत. लिफ्टमधला फोन, एखाद्या बँकेचा अलार्म, कोणाच्याही लक्षात न राहिलेली लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेली स्वतंत्र लाइन), असे बरेच काही निघेल, आणि तार कापल्यावर ते कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

याउलट, बंद करण्याचा क्रम ठरवताना यंत्राला तक्रारींचे आणि वापराचे आकडे दिले, तर ते हमखास फसेल. कडेच्या तालुक्यांत, म्हणजे किनवट, सोयगाव, आष्टी अशा ठिकाणी, चार वेळा सांगूनही कोणी येत नाही म्हटल्यावर माणूस तक्रार नोंदवणेच सोडून देतो. यंत्राला तिथे तक्रारी कमी दिसतील आणि ते एक तर ‘लाइन उत्तम आहे’ असा निष्कर्ष काढेल किंवा ‘इथे गरजच नाही’ असा. दोन्ही निष्कर्ष चूक. तीच गत वापराची. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा फोन घ्यायला म्हातारीने लँडलाइन ठेवलेली असते; ती स्वतः कधी नंबर फिरवत नाही, त्यामुळे बाहेर गेलेल्या कॉलच्या हिशेबात तिची लाइन मेलेलीच दिसते.

आणखी एक बाब जमिनीची. आमची काळी माती उन्हाळ्यात वीतभर भेगाळते आणि पावसात फुगते. या ओढाताणीत जमिनीखालचे जॉइंट सैल होतात. त्यामुळे इथे बिघाडाची सुरुवात कोरड्या दिवसांतच झालेली असते, पाऊस आला की ती फक्त उघड होते. बाहेरच्या देशातल्या बिघाडांवर शिकवलेले मॉडेल इथे जसेच्या तसे आणून बसवले, तर ते सगळा दोष पावसालाच देईल.

विजेचा प्रश्न मात्र नोंदी जुळवून सुटणारा नाही. तांब्याच्या लाइनवर एक्सचेंजमधून 48 व्होल्टचा पुरवठा येतो, म्हणून गावात वीज नसतानाही साधा फोन चालतो. फायबरमध्ये घरातल्या डब्याला घरचीच वीज लागते. ब्रिटनमध्ये वृद्धांच्या गळ्यातली, बटण दाबताच मदतीला बोलावणारी उपकरणे नव्या लाइनवर चालेनाशी झाल्याच्या गंभीर घटना पुढे आल्यावर डिसेंबर 2023 मध्ये सक्तीची बदली थांबवावी लागली, आणि पुढे डिसेंबर 2025 ची मूळ मुदत जानेवारी 2027 पर्यंत ढकलण्यात आली. आपल्याकडे अशी उपकरणे फारशी नाहीत, पण रात्री-अपरात्री दिवे जाणारी गावे भरपूर आहेत. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्र, पोलीस ठाणे आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांची घरे इथे बॅटरी बसवल्याशिवाय तांबे काढू नये, ही अट यंत्राच्या मर्जीवर न सोडता सरळ नियमात लिहावी.

राहिली नोंदींची खातरजमा. 31 जानेवारी 2020 रोजी बीएसएनएलमधून 78 हजारांहून अधिक कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले. आर्थिकदृष्ट्या तो निर्णय योग्य होता की नव्हता, हा वेगळा विषय. पण कोणती जोडी कुठे पिळली आहे हे ज्यांना माहीत होते, त्यांतले कितीतरी त्या दिवशी घरी गेले. आज ते साठीच्या आसपास आहेत, आपापल्या गावी आहेत आणि विचारले तर आनंदाने सांगतील. यंत्राने संशयित जोड्यांची यादी काढावी आणि या माणसांनी डीपीवर जाऊन ती तपासावी. प्रत्येक तपासलेल्या जोडीमागे त्यांना रोख मोबदला मिळावा, ‘जरा मदत करा’ म्हणून फुकट राबवू नये. त्यानंतर पिलरनिहाय यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि हरकतींसाठी किमान एक महिना द्यावा. यासाठी पैसा कुठून आणायचा, असे कोणी विचारेल. निघालेल्या तांब्याला भंगार बाजारात चांगला भाव येतो. त्या रकमेतून आधी लाइनमनचा मोबदला आणि बॅटरींचा खर्च वळता करावा, आणि उरलेली रक्कम मग कंपनीने खुशाल आपल्या ताळेबंदात दाखवावी.